डिटेक्टिव्ह आणि डॉक्टर मालिका : उत्तर कळण्याआधी खुणा आपल्याला दिसायला हव्यात का?

शिवाजी_पेठकर

गेल्या महिन्यात वडिलांच्या ऑपरेशनमुळे १८ रात्री दवाखान्यात काढल्या. खुर्चीत बसून झोप येत नव्हती, म्हणून कानात हेडफोन घालून 'हाउस' ही अमेरिकन डॉक्टर मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. २००४ ते २०१२, आठ सीझन, १७७ भाग. सगळे काही झाले नाहीत. घरी आल्यावर बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' लावला, १९९३ चा, रजित कपूरवाला. तेव्हा लक्षात आलं की या दोन्ही मालिका एकाच घरातल्या आहेत.

मुळात शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल डॉक्टर. एडिंबरात शिकताना डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे गुरू. पेशंटची चाल, हाताचे घट्टे, बुटाचा चिखल बघून बेल त्याचा व्यवसाय सांगायचे. त्यांच्यावरून होम्स सुचला. आणि होम्सवरून शंभरेक वर्षांनी हाउस. घर क्रमांक होम्सचाच २२१ बी, मित्र वॉटसनच्या जागी विल्सन, कोकेनच्या जागी दुखण्यावरच्या गोळ्या. डॉक्टरावरून गुप्तहेर झाला, गुप्तहेरावरून परत डॉक्टर.

माझी एक कसोटी आहे. शेवटची दहा मिनिटं उरली की मी भाग थांबवतो आणि स्वतःला विचारतो, आतापर्यंत जे दाखवलं त्यावरून मला उत्तर काढता आलं असतं का? ब्योमकेश यात बऱ्याच वेळा पास होतो. खूण समोर असते, मीच बघितलेली नसते. बीबीसीचा २०१० चा 'शेरलॉक' दिसायला देखणा, पण पडद्यावर अक्षरं तरंगायला लागेपर्यंत ती खूण मला कोणी दाखवलेलीच नसते. हाउसचं अर्धं-अर्धं. वैद्यकीय भाग माझ्या डोक्यावरून जातो, पण पेशंट काय लपवतोय ते बऱ्याचदा ओळखता येतं.

तर प्रश्न असा, की तुमच्या मते कुठली मालिका प्रेक्षकाशी असं प्रामाणिक वागते? आणि मराठीत अशी का होत नाही? इथं बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला, जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला. कोल्हापूरच्या माणसाला हे विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं.

तांबडापांढरा

भावा, वडील कसे आहेत आता? आधी ते सांग.

आणि सीआयडीचं नाव घेतलं न्हाईस म्हणून निषेध! आमच्या घरात शुक्रवारी जेवणाचं ताट टीव्हीसमोरच यायचं. दयानं दार तोडलं की आमचं आज्जं टाळी वाजवायचं. कसोटी-बिसोटी काय न्हाई, लई भारी वाटायचं बघ.

रेणुका_म

मला तुमची कसोटी पटली, पण ती सगळ्यांना लागू होत नाही. 'कोलंबो' बघा. पीटर फॉक, चुरगळलेला रेनकोट. त्यात खून कोणी केला ते पहिल्या काही मिनिटांतच दाखवतात. मग उरतं काय? तर हा गबाळा माणूस त्या श्रीमंत, हुशार माणसाला पकडणार कसा. निघाल्यासारखं करून दारातून परत वळतो आणि आणखी एकच प्रश्न विचारतो, तिथं माझ्या पोटात गोळा येतो. उत्तर आधीपासून माहीत असूनही.

आईला मी हीच मालिका मराठीत सांगत सांगत दाखवली. तिला इंग्रजी येत नाही. तरी तिसऱ्या भागाला ती म्हणाली, "ह्याला माहिताय गं, हा मुद्दाम वेड्यागत करतोय."

वॉर्डसिस्टर

२६ वर्षं नर्स आहे, त्यातली १४ आयसीयूत. हाउस बघताना माझं रक्त उसळतं. रक्त डॉक्टरच घेतात, एमआरआय डॉक्टरच करतात, सलाईन डॉक्टरच बदलतात, पेशंटच्या घरात शिरून झडतीसुद्धा डॉक्टरच घेतात. आम्ही कुठे असतो? मागून ट्रे घेऊन जाताना.

खरी खूण बहुतेक वेळा रात्री तीनला सिस्टरला दिसते. पेशंट गेल्या तासाभरात चादर सारखी ओढतोय, लघवीची पिशवी दहापासून तेवढीच आहे, मघाशी नीट बोलत होता तो आता तारीख चुकवतोय. हे सगळं आम्ही कागदावर लिहितो, मग राऊंडला डॉक्टर ते वाचतात. शिवाजी पेठकर, तुम्ही १८ रात्री होतात ना, तुम्ही हे पाहिलं असेल.

दुसरं म्हणजे शॉक. मॉनिटरवर सरळ रेघ आली की छातीवर शॉक देतात आणि माणूस उठतो. साफ चूक. सरळ रेघेला शॉकचा उपयोग नाही. तिथं छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि अॅड्रेनलिन. शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा. हे मालिकेत बघून नातेवाईक आमच्या अंगावर येतात, "शॉक का दिला नाही?" म्हणून. ज्याचं माणूस आत्ताच गेलंय त्याला मी ते कसं समजावू?

शिवाजी_पेठकर

@तांबडापांढरा, वडील घरी आहेत, काल रंकाळ्यापर्यंत चालत गेले. आभार.

@वॉर्डसिस्टर, हो, पाहिलं. नवव्या रात्री एका सिस्टरनी वडिलांच्या पायाच्या पोटरीला हात लावला, दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले आणि लगेच फोन लावला. एका पायाला किंचित सूज होती. मी दिवसभर तिथंच बसून होतो, मला दिसली नव्हती. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

पीएचसीवाला

जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, त्याला बरीच वर्षं झाली. सिस्टरना अनुमोदन. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावरच लेख आला होता. अमेरिकन मालिकांत हृदय थांबल्याचे ६० प्रसंग तपासले, तर ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के घरी गेले. प्रत्यक्षात हे प्रमाण याच्या जवळपासही नसतं.

पण पेठकरांची कसोटी मला इतकी आवडली की एक केस इथं टाकतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. सगळ्या खुणा देतो, एकही लपवत नाही. कोणीही शोधयंत्रात टाकू नका.

जुलै महिना. ऊसाच्या कडेला घर. रात्री लाईट गेलेली, म्हणून सगळी पोरं सोप्यात वाऱ्याला झोपलेली. पहाटे चारला ११ वर्षांचा मुलगा पोट दुखतंय म्हणून उठला, एक उलटी झाली. आईनं ओवा दिला. सहाला माझ्याकडे आणला. ताप नाही. पोट हाताला मऊ. रात्री सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली होती, बाकी कोणाला काही नाही. अंगावर जखम, सूज, चट्टा काही नाही. मी नाव विचारलं तर नाकातून बोलल्यासारखा आवाज आला. माझ्याकडे बघताना हनुवटी वर करून बघत होता. आई म्हणाली, "झोप झाली न्हाई साहेब, पेंगतंय."

एवढंच. ओळखा.

तांबडापांढरा

ल्युपस! शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार. हाउसमध्ये दर भागात तेच म्हणतात आणि दर भागात ते नसतं असं ऐकलंय.

सागरमाळ

पिठल्यातून विषबाधा? नाही, बाकीचे ठणठणीत आहेत. मग अपेंडिक्सची सुरुवात?

विषयावर येतो. माझा पेठकरांशी मतभेद आहे. मी कोडं सोडवायला मालिका बघतच नाही. 'ईआर' ही इमर्जन्सी विभागावरची अमेरिकन मालिका घ्या, १९९४ ते २००९, १५ सीझन. लिहिणारा मायकेल क्रायटन स्वतः हार्वर्डचा डॉक्टर. त्यात कोडी फारशी नाहीत. एकामागून एक स्ट्रेचर येतात, कोणी वाचतो, कोणी जातो, आणि डॉक्टर हात धुऊन पुढच्याकडे वळतो. ते हात धुणं मला आयुष्यभर पुरलंय. माझी बहीण रेसिडेन्सीला होती तेव्हा ३६ तासांनी घरी यायची आणि ताटावर बसल्याबसल्या झोपायची. तिला मी समजू शकलो ते या मालिकेमुळे. खुणा-बिणा नंतर.

पीएचसीवाला

अपेंडिक्स नाही, पोट मऊ होतं हे लिहिलंय. ल्युपसही नाही.

निवृत्त_अंमलदार

पोलीस खात्यात ३१ वर्षं. मला एकच सांगायचंय. मालिकेत शेवटी गुन्हेगार सगळं कबूल करतो आणि गाडीत बसवून नेतात, संपलं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता नव्या अधिनियमात २३. कबुली द्यायची तर मॅजिस्ट्रेटसमोर. म्हणजे मालिका जिथं संपते तिथून आमचं खरं काम सुरू व्हायचं.

आणि पंचनामा कुठल्याच मालिकेत धड नसतो. पंच मिळवायचे म्हणजे चौकात उभं राहून हात जोडावे लागतात. कोणी थांबत नाही, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणून. एकदा रात्री दोन वाजता दुधाच्या गाडीवरच्या दोघांना विनंती करून पंच केलं. चार वर्षांनी केस बोर्डावर आली, तेव्हा त्या दोघांनी कोर्टात येऊन बारीकसारीक सांगितलं: बॅटरी कुठल्या हातात होती, चप्पल उलटी पडली होती की सुलटी. त्या चपलेवर केस उभी राहिली. ही मालिका कोणी काढावी, मी रोज बघेन.

१ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर जायचं असा कायदाच झालाय. आमच्या वेळी व्हिसेराच्या, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, बरण्या मिठाच्या पाण्यात भरून, लाखेनं सील करून, शिपायाच्या मांडीवर एसटीनं जायच्या. सीआयडीत डॉ. साळुंखे त्याच दुपारी अहवाल द्यायचे. आम्ही महिनोन्‌महिने वाट बघायचो.

डॉक्टरसाहेब, ऊसाचं रान म्हटल्यावर मला कीटकनाशकाचा संशय येतोय. तसले लई बघितलेत.

पीएचसीवाला

अंमलदारसाहेब, तुमचा संशय पहिल्या दोन मिनिटांत माझ्याही डोक्यात आला. पण कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस असतो, उग्र वास येतो. याच्या बाहुल्या ठीक, वास नाही.

अजून एक खूण देतो. मी कोरड्या काचेच्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतलं आणि २० मिनिटं न हलवता टेबलावर ठेवलं. नंतर नळी तिरकी केली. रक्त नीट गोठलं होतं.

वॉर्डसिस्टर

मला कळलं. हनुवटी वर केली तिथंच कळलं होतं. सांगत नाही, बाकीच्यांना विचार करू दे.

गंगावेस

थोडं अवांतर. 'ब्योमकेश'चा विषय निघाला म्हणून. आमच्या गल्लीत तेव्हा तीनच टीव्ही. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आम्ही पळत जायचो. अँटिना फिरवायला एक जण कौलांवर, एक जण खिडकीत, एक टीव्हीपाशी. कौलांवर असायचा त्याला मालिका दिसायची नाही, म्हणून खिडकीतला त्याला ओरडून सांगायचा. तो वरूनच ओरडायचा, "नोकरावर लक्ष ठेवा रे!" निम्म्या वेळेला तोच बरोबर असायचा, कारण त्याला नुसते संवाद ऐकू यायचे. चेहऱ्याला भुलायची सोयच नव्हती.

त्याच्याही आधी 'करमचंद', १९८५, पंकज कपूर आणि ते गाजर. आणि मराठीत 'एक शून्य शून्य' होती की! मुंबई पोलिसांच्या खऱ्या केसेसवर. पेठकर म्हणतात मराठीत होत नाही, मी म्हणतो होत होतं.

रेणुका_म

'एक शून्य शून्य' बी. पी. सिंगांचीच ना? तेच पुढे सीआयडीचे निर्माते, आणि शिवाजी साटम दोन्हीकडे. म्हणजे सीआयडीचं मूळ मराठीत आहे. त्याच सिंगांनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा भाग एका सलग शॉटमध्ये केला होता, मध्ये कुठं कट नाही. तांबडापांढरा, तुमच्या आज्जांचं काही चुकत नव्हतं.

तांबडापांढरा

आज्जं असतं तर आज मिरवलं असतं! रेणुकाताई, नाद खुळा.

संवादलेखक_सध्या_मुंबई

मूळचा मंगळवार पेठेतला. दैनिक मालिकांचे संवाद लिहितो, म्हणून 'मराठीत का होत नाही' याचं आतलं कारण सांगतो.

दर गुरुवारी आदल्या आठवड्याचे टीआरपीचे, म्हणजे किती जणांनी पाहिलं त्याचे, आकडे येतात. आकडा घसरला की त्याच संध्याकाळी ट्रॅक बदलतो. मी एकदा पाचव्या भागात एक खूण पेरली होती. बाई रोज उजव्या हातानं देवाला फूल वाहते आणि एका दिवशी डाव्या. साठाव्या भागात त्याचा उलगडा होणार होता. विसाव्या भागाला आकडे पडले, गोष्ट दहा वर्षं पुढे उडी मारून गेली. फूल तिथंच राहिलं. मला अजून ती बाई आठवते.

हाउस किंवा अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो लिहिताना भागाचा शेवट आधी ठरतो आणि मग मागे खुणा पेरत येतात. डेव्हिड सुशेचा पॉयरो १९८९ ते २०१३ असा चालला आणि भाग फक्त ७०. आमच्याकडे एवढे भाग तीन महिन्यांत संपतात. शेवटच माहीत नसेल तर सुरुवातीला खूण कुठली ठेवायची? यात लेखकाला अक्कल नाही असं कृपा करून म्हणू नका. वेळ नाही. सीआयडी टिकली याचंही एक कारण हेच, तिथं प्रकरण एक-दोन भागांत संपत होतं.

सागरमाळ

हे वाचून फार वाईट वाटलं. त्या फुलाचा उलगडा काय होता, तेवढं तरी सांगा.

संवादलेखक_सध्या_मुंबई

उजव्या खांद्याला मार बसलेला असतो. नवऱ्याचा. घरात कोणालाच माहीत नसतं, फुलं आणून देणाऱ्या पोरीला फक्त कळतं.

सागरमाळ

लिहा हो ही. दहा भागांची लिहा, पण लिहा.

राधानगरीची

सगळे प्रतिसाद वाचले. 'देवमाणूस'चं नाव कसं आलं नाही? २०२० ला झी मराठीवर आली. गावातला बोगस डॉक्टर, त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास, आणि तोच खुनी. साताऱ्याकडच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेली. डिटेक्टिव्ह आणि डॉक्टर दोन्ही एकाच मालिकेत. आमच्या वाडीत ती बघून बायका एक गोष्ट शिकल्या, डॉक्टरच्या भिंतीवरचा दाखला वाचायला. माझ्या चुलतसासूनं तर नव्या डॉक्टरला सरळ नोंदणी नंबर विचारला. मला ही मालिकेची कमाई वाटते. पुढं ती फार ताणली, ते खरं.

आता डॉक्टरांच्या केसकडं. पोरगं जमिनीवर झोपलेलं का? सोप्यात वाऱ्याला म्हणजे खालीच, वाकळ टाकून. पोटात दुखतंय, ताप न्हाई, डोळ्याच्या पापण्या पडायला लागल्यात म्हणून मान वर करून बघतंय. ती पेंग न्हवं. आमच्याकडं पावसाळ्यात असं झालं की म्हाताऱ्या माणसांना लगेच कळतं.

मण्यार.

वॉर्डसिस्टर

बरोबर!

पीएचसीवाला

बरोबर. मण्यारच.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, डास चावल्याएवढंही कळत नाही. बऱ्याच जणांना पहिल्यांदा पोटच दुखतं, म्हणून गॅसवर औषध देऊन घरी पाठवण्याची चूक होते. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप थांबवतं. आधी पापण्या, मग गिळणं आणि आवाज, शेवटी श्वास. रक्त गोठलं, तिथं घोणस बाजूला झाली, कारण घोणशीच्या विषानं ते गोठत नाही. नाग चावला असता तर सहसा सूज दिसते.

दहा बाटल्या प्रतिविष सलाईनमधून सुरू केलं आणि गाडी बोलावली. वाटेत त्याचा श्वास उथळ होत गेला. मी अँब्यू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलो, कोल्हापूर येईपर्यंत. आई समोर बसली होती, तिनं पोराचा अंगठा धरून ठेवला होता. व्हेंटिलेटरवर पाच दिवस होता. सहाव्या दिवशी नळी काढली.

शिवाजी_पेठकर

दिवसभर धाग्यावर येता आलं नाही, आत्ता सगळं एका बैठकीत वाचलं. डॉक्टरांची केस वाचून मी थांबलो आणि खरंच दहा मिनिटं विचार केला. सगळं समोर होतं. सोपा, लाईट, हनुवटी. तरी मला पेंगच वाटली, कारण आईनं पेंग म्हटलं आणि मी तिचं ऐकलं.

मूळ प्रश्नावर आता माझं मत थोडं बदललंय. मला वाटायचं, खुणा दाखवल्या की मालिका प्रामाणिक. पण राधानगरीच्या ताईंना जे दिसलं ते मला दिसलं नाही, कारण त्या तसल्या घरात राहिल्यात. हाउस आपल्याला अर्धवट कळते ती याचमुळे. तिथल्या खुणा तिथल्या माणसाच्या ओळखीच्या, आपल्या नाहीत. आपल्याकडच्या खुणा म्हणजे ऊस, वाकळ, पूर ओसरल्यावरचा ताप, दुधाच्या गाडीवरचे पंच, डाव्या हातानं वाहिलेलं फूल. अशी दहा भागांची मालिका इथं, याच जिल्ह्यात घडणारी, मला बघायचीय. संवादलेखक, अंमलदारसाहेब, डॉक्टर, सिस्टर, तुम्ही चौघं एका टेबलाशी बसलात तर चहा-मिसळ माझ्याकडून. मी मनापासून म्हणतोय.

जाता जाता हाउसचं एक. जर्मनीत मारबुर्गला एका ५५ वर्षांच्या माणसाचं हृदय बिघडत चाललं होतं, नजर आणि कान जात होते, कारण सापडत नव्हतं. तिथले प्राध्यापक वर्गात हाउसचे भाग दाखवून शिकवायचे. त्यांना एक भाग आठवला, आणि उत्तर निघालं खुब्यात बसवलेल्या धातूच्या सांध्यातून रक्तात उतरलेलं कोबाल्ट. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. कोणाला मालिका बघण्यात वेळ घालवतोस म्हणून बोलणी बसत असतील, त्यांनी हे घरी सांगावं.

निवृत्त_अंमलदार

मी येतो. रविवार सोडून कधीही. जुन्या वह्या आहेत, घेऊन येईन, नावं झाकून.

वॉर्डसिस्टर

माझी या आठवड्यात रात्रपाळी आहे. सकाळी नऊनंतर चालेल.

तांबडापांढरा

डॉक्टर, त्या पोराचं पुढं काय झालं?

पीएचसीवाला

गेल्या वर्षी भेटला. ट्रॅक्टर चालवत होता, मला बघून थांबवला. घरातल्या सगळ्यांना आता कॉट आहेत आणि मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपतात म्हणाला. आई अजून रोज बॅटरी मारून अंथरूण झटकते.